स्लॅबला आधार म्हणून...

‘हा खांब कसला?’

कांदेपोहे संपले होते, चहा झाला होता, ‘मुलीला काय काय येतं’ हा राउंडही सुखरूप पार पडला होता. आता फक्त ‘घर दाखवा’ हा शेवटचा आयटम उरला होता. मुलाचे मामा माडीवरच्या खोलीत शिरले आणि खोलीच्या मधोमध उभ्या असलेल्या चकचकीत स्टीलच्या पाइपसमोर थबकले.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. अण्णांनी छताकडे.

‘स्लॅबला आधार म्हणून लावलाय,’ मी ठोकून दिलं.

मामा नेमके बांधकाम लाइनमधले निघाले. त्यांनी बोटाने पाइप टकटक वाजवून पाहिला आणि मान हलवली. ‘एवढ्याशा पाइपने कसला आधार मिळतोय? माझा माणूस पाठवतो उद्या.’ पुढची वीस मिनिटं आमच्या स्लॅबच्या तब्येतीवर चर्चा. माझ्या करिअरवरसुद्धा एवढी झाली नव्हती!

तर मंडळी, खरी गोष्ट अशी की पाइप स्लॅबला आधार देत नव्हता, स्लॅबच पाइपला आधार देत होता. तो माझा पोल आहे. मी पोल डान्स करते. छंद म्हणून. घरी. यवतमध्ये.

हसलात ना? हसा. मला सवय झालीये.

ज्यांना यवत फक्त हायवेवरच्या पाटीपुरतं माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगते. पुणे-सोलापूर रोडवरचं, दौंड तालुक्यातलं हे आमचं गाव. आजूबाजूला ऊस, गुऱ्हाळं आणि वर डोंगरावर भुलेश्वर. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो आणि त्या दिवशी अख्खं गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. थोडक्यात, पोल डान्ससाठी जगात ज्या जागा प्रसिद्ध असतील, त्यात आमचा नंबर लागत नाही.

मुळात मी शाळेत पीटीच्या तासाला ‘बरं वाटत नाहीये’ म्हणून वर्गात बसणारी मुलगी. मास कॉम केलं, पुण्यात डेस्कची नोकरी लागली, आणि दोन वर्षांत पाठीचा कणा खुर्चीच्या आकाराचा झाला. रूममेटने एकदा ट्रायल क्लासला ओढून नेलं. पोल जेमतेम ४५ मिलिमीटर जाडीचा असतो, मुठीत मावेल एवढाच. त्याला लटकून राहायचं होतं. मी मोजून चार सेकंद राहिले आणि धपकन खाली! पण तिसऱ्या महिन्यात एकदा पार वरपर्यंत चढले. वरून खाली बघताना वाटलं, अरे, हे माझे हात आहेत? हे एवढं वजन उचलतात? आजवर या शरीराबद्दल मी फक्त तक्रारी ऐकल्या होत्या. जाड, सावळं, दंड दिसतात, बाह्या लांब घे. ते काहीतरी करू शकतं, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं.

मग नोकरी सोडली, फ्रीलान्सिंग सुरू केलं आणि पुण्याचं भाडं परवडेना. बॅग उचलून घरी आले. आठवड्यातून दोनदा दौंडच्या गाडीने पुणे, बाकी दिवस यवत. क्लास सुटला याचंच सॉलिड वाईट वाटत होतं. एका मोठ्या स्टोरीचा चेक आला, त्यात घरचा पोल मागवला.

घरी पोल लावायचा विचार असेल तर आधी छत बघा, राजेहो! हा पोल ड्रिल न करता जमीन आणि छत यांच्यामध्ये घट्ट दाबून बसवतात. म्हणजे वर आरसीसी स्लॅबच हवा. पत्रा नाही, पीओपीचं फॉल्स सीलिंग तर अजिबात नाही. गल्लीतल्या गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी कशासाठी ते विचारलंही नाही. बीम कुठून गेलाय ते दाखवलं, पातळी लावून पोल ओळंब्यात आणला आणि म्हणाले, ‘बीमखाली घे, म्हणजे घोर नको.’ रोज सुरू करण्याआधी स्क्रू घट्ट आहे का बघायचं, खाली जाड गादी टाकायची, डोकं खाली-पाय वर असलं काही एकटीने करायचं नाही आणि जे उजवीकडून कराल ते डावीकडूनही करायचं. आणि हो, त्या दिवशी अंगाला मॉइश्चरायझर लावायचं नाही. लावलंत तर साबणासारख्या सटकाल.

आता येतो कळीचा मुद्दा. कपडे! पोलवर पकड बसते ती कातडीच्या घर्षणाने. कापड घसरतं. म्हणून शॉर्ट्स. स्टाइल म्हणून नव्हे, जीव वाचावा म्हणून. पण हे आईला कोण सांगणार? तिने मोबाइलवर ‘पोल डान्स’ टाकून बघितलं आणि दोन दिवस माझ्याशी फक्त ‘जेवायला ये’ एवढंच बोलली. तिसऱ्या दिवशी नियमावली आली. खिडक्या बंद. शॉर्ट्स बाहेर दोरीवर वाळत घालायच्या नाहीत. पाहुणे आले की पोलवर ओल्या चादरी टाकायच्या. अण्णांनी नियम वगैरे केले नाहीत. त्यांनी माडीवर येणंच बंद केलं.

गंमत बघा, आमच्या हॉलमध्ये अण्णांचा शाळेतला एक फोटो फ्रेम करून लावलाय. मल्लखांबावर उलटे लटकलेले अण्णा. अंगावर फक्त लंगोट! तिथेही तेच कारण, घर्षण. पण तो फोटो भिंतीवर आणि माझी चड्डी दोरीवरसुद्धा नाही.

मग काय, मी मास कॉमवाली. आईला प्रेझेंटेशनच दिलं. मल्लखांब आपला. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात त्याचा उल्लेख असल्याचं सांगतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नव्याने उभं केलं. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. हिमानी परबला त्यासाठी २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचा खांब लाकडाचा, खाली जाड आणि वर निमुळता, माझा स्टीलचा आणि सरळसोट. ते खांबाला एरंडेल चोळतात, मी स्पिरिटने पुसते. बाकी भाऊ-बहीणच की! पोलचंही आता खेळ म्हणून आंतरराष्ट्रीय फेडरेशन आहे, २००९ पासून. आई ऐकत होती, पण पटत नव्हतं. तेव्हा मी हुकमी पत्ता टाकला.

‘आई, हा काही चौफुल्यावरचा नाच नाहीये!’

आईचा चेहरा एकदम सैल झाला. जमलं! त्या दिवसापासून ते आमच्या घराचं वाक्य झालं. मावशीला फोनवर, आत्याला लग्नात, आई तेच सांगायची. ‘तसला नाही गं, चौफुल्यासारखा.’

चौफुला म्हणजे आमच्या पुढे हायवेवरच, शिरूरकडून आणि सुप्याकडून येणारे रस्ते जिथे भेटतात तो चौक. संगीत बारीच्या कला केंद्रांसाठी तो महाराष्ट्रभर ओळखला जातो. तिथे लावणी होते. ढोलकी, पेटी, तबला आणि समोर बैठक. मी त्याच रस्त्याने लहानाची मोठी झाले. गाडी तिथून जाताना घरातली मोठी माणसं गप्प व्हायची, तेवढंच मला चौफुल्याबद्दल माहीत होतं.

मागच्या वर्षी एका फीचरसाठी तिथे गेले. दुपारची वेळ. एक चाळिशीच्या कलावंत बाई घुंगरांचे पट्टे उन्हात टाकून बसल्या होत्या. मी एक पट्टा उचलून बघितला, तर वजनाने मनगटच वाकलं. हे पायात बांधून रात्रभर? त्यांचं लक्ष मात्र माझ्या दंडाकडे होतं. आतल्या बाजूला पोलने काळंनिळं झालं होतं.

त्यांनी आवाज खाली आणला. ‘ताई, मारतंय का कुणी घरी?’

‘नाही हो!’ मी मोबाइल काढून व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. मन लावून, आपण प्रूफ तपासतो तसा.

‘पाय वाकतोय तुमचा. आन् चेहरा पाडलाय कशापायी? बघणाऱ्याकडं बघायचं असतंय.’

‘कुणी बघत नाही ना. माझ्यासाठीच करते.’

‘पैसं?’

‘नाही. उलट मीच खर्च केलाय.’

त्या इतक्या जोरात हसल्या की आतून दोघीजणी बाहेर आल्या. ‘अगं या हिकडं, ह्या ताई पदरचं पैसं घालून नाचत्यात!’ सगळ्यांनी व्हिडिओ बघितला. एकीने माझ्या दंडावर लावायला हळद आणि तेल सांगितलं. मग पहिल्या बाईंनी सहज विचारलं, ‘घरच्यांना चालतं?’

‘चालतं. म्हणजे, मी त्यांना सांगितलंय की...’

आणि माझी जीभ अडकली. मी घरी काय सांगितलं होतं? की मी तुमच्यासारखी नाही. एवढंच. माझ्या छंदाचं लायसन्स मी या बायकांच्या नावावर काढलं होतं. त्यांना एक पायरी खाली ढकलून.

परतीच्या गाडीत डोक्याला जाम शॉट लागला होता. कारण जे चौफुल्याबद्दल, तेच पोलबद्दलही खरं आहे. माझा हा स्टीलचा पोल मल्लखांबातून आलेला नाही. तो अमेरिका-कॅनडातल्या नाइट क्लबमधून आलाय. मी ज्या गिरक्या छंद म्हणून शिकते, त्यातल्या कितीतरी तिथे पोटासाठी नाचणाऱ्या बायकांनी शोधल्या. १९९० च्या दशकात फॉनिया माँडे नावाच्या कॅनडातल्या डान्सरने क्लबबाहेरच्या बायकांना ही कला शिकवायला सुरुवात केली आणि मग ती फिटनेस स्टुडिओत आली. आपण स्टुडिओवाल्या मुली फीचे पैसे भरतो, आणि पहिलं वाक्य काय म्हणतो? ‘आम्ही तसल्या नाही हं!’ ज्यांच्याकडून शिकलो, त्यांचीच ओळख नको.

त्या रात्री जेवताना मी सांगून टाकलं. ‘आई, यापुढे चौफुल्याचं नाव घेऊन माझी बाजू मांडू नकोस. ते मीच सुरू केलं होतं, चूक माझी. मी करते तो नाच आहे. व्यायाम होतो, ताकद येते, पण आहे तो नाच. आणि मला आवडतो.’

आई भाकरी मोडत राहिली. अण्णा ताटावरून उठले. फिल्मी वाटेल, पण नव्हतं तसं. फिल्ममध्ये नंतर म्युझिक येतं. आमच्याकडे नुसता पंख्याचा आवाज.

दहाएक दिवसांनी मी माडीवर उलटं व्हायची प्रॅक्टिस करत होते. हातांनी पोल धरायचा, कंबर वर उचलायची आणि पायांनी पोलला विळखा घालायचा. आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती, कारण नियम तो नियम, एकटीने नाही. मी घसरले आणि गादीवर आपटले. जिन्यात पावलं वाजली. दारात अण्णा! कितीतरी महिन्यांनी.

‘लागलं?’

‘नाही.’

ते पोलकडे बघत राहिले. बोटाने पुसून बघितलं. ‘एरंडेल नाही लावत?’

‘नाही अण्णा, घसरतं.’

‘हं.’ मग जरा वेळाने, ‘ही साधी अढी आहे. तू हाताने ओढतेस. पोटाने उचल.’

मी पोटाने उचललं. अढी बसली. उलट्या लटकलेल्या अवस्थेत मला अण्णांचे फक्त पाय दिसत होते. ते बराच वेळ तिथेच होते.

म्हणजे सगळं गोड झालं का? नाही. अण्णा अजूनही चारचौघांत ‘पोरगी मल्लखांब करते’ असंच सांगतात. मी तिथे असले तर हळूच ‘पोल डान्स’ म्हणते, ते खोकतात. शॉर्ट्स अजून घरातच वाळतात. ते मामांचं स्थळ पुढे सरकलं नाही. निरोप आला की ‘फ्रीलान्स म्हणजे पगार नक्की किती ते कळलं नाही’. पोलला कुणी दोष दिला नाही, स्लॅबलाही नाही. पण आता कुणी बघायला आलं तर चादरी टाकायच्या नाहीत, हे आईनेच ठरवलं. म्हणाली, ‘नंतर कळून बोंब होण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.’

आणि परवाच्या वारीत तर कमालच झाली. पालखीच्या मुक्कामाला आमच्या घरी दरवर्षी वारकरी उतरतात. माडीवरची खोली बायकांना दिली होती. पाऊस झोडपत होता. मी पिठल्याची बादली घेऊन वर गेले, तर पोलपासून खिडकीपर्यंत दोरी बांधून ओली लुगडी वाळत घातलेली. पोलला टेकून एक आजी पाय दाबत बसल्या होत्या.

‘चांगला खांब हाय गं. कशाचा?’

जिभेवर ‘स्लॅबला’ आलंच होतं. गिळलं.

‘मी नाचते त्यावर, आजी. चढते आणि गिरक्या घेते.’

आजींनी मान वर करून पोल शेवटपर्यंत बघितला. मग मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

‘पडू नको म्हंजे झालं,’ त्या म्हणाल्या. ‘वाढ पिठलं.’