नुसतं 'हं' नको

परवा भाचा चार दिवस आमच्याकडे माणला राहायला आला होता. स्वारी विमान चालवायला शिकतेय. आई त्याला दुकानात पाठवताना म्हणाली, "दूध दोन पिशव्या, कोथिंबीर, आणि सातच्या आत घरी ये." हा म्हणतो, "दोन पिशव्या दूध, कोथिंबीर, सातच्या आत घरी." आईला वाटलं नातू चेष्टा करतोय!

मग त्याने समजावलं. याला रीडबॅक म्हणतात. मिळालेली सूचना वैमानिकाने परत म्हणायची, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथल्या तिथे कळते. आणि जिथे टॉवरच नाही तिथे? तिथे सगळ्यांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायचं. मी कोण, कुठे आहे, कुठल्या धावपट्टीवर काय करणार आहे. आणि दुसऱ्याचं नीट ऐकायचं.

बारामती असंच टॉवरचं नियंत्रण नसलेलं विमानतळ होतं. रेडिओवर माहिती द्यायचे ते तिथल्या प्रशिक्षण संस्थांचे शिक्षक किंवा वैमानिक. २८ जानेवारी २०२६ च्या सकाळी अजितदादांसह पाच जण तिथे गेले. जुलै २०२५ मध्ये हेच दादा भल्या पहाटे आमच्या हिंजवडीचे रस्ते बघायला आले होते. अपघातानंतर सरकारने दिलेली माहिती मी दोनतीनदा वाचली. आधी धावपट्टी दिसली नाही म्हणून विमान पुन्हा वर गेलं. दुसऱ्या खेपेला दिसली असं वैमानिकाने कळवलं. ८:४३ ला उतरायला परवानगी मिळाली. त्याचा रीडबॅक आलाच नाही. मिनिटभरात ज्वाळा दिसल्या.

उत्तर आलं नाही म्हणून अपघात झाला असं मी अजिबात म्हणत नाही. कारण शोधणं तपास करणाऱ्यांचं काम. पण ती रिकामी जागा डोक्यातून जात नाही.

चुकीचं उत्तरही तितकंच वाईट. १९९६ मध्ये अमेरिकेत क्विन्सी इथे, टॉवर नसलेल्याच विमानतळावर, उतरणाऱ्या विमानाने विचारलं, "धावपट्टीवरचं विमान थांबणार ना?" उत्तर दिलं मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानाने! पुढचं विमान निघालं, आणि जिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे टक्कर झाली. १४ माणसं गेली.

हे ऐकताना मला आमच्या रस्त्यावरचं वळण आठवलं. समोरच्या ट्रकवाल्याने हात दाखवला, मी समजलो मलाच, "जा" म्हणतोय. तो खुणावत होता माझ्या शेजारच्या टेम्पोला. बाइकचा आरसा गेला, मी वाचलो. घरी अजून सांगितलेलं नाही. (आता कळेलच!)

ताई हल्ली भाच्याच्या "उतरलो" या एका शब्दाची वाट बघत फोन हातात धरून बसते. तो न चुकता पाठवतो. आणि मी? आईने इतकी वर्षं "पोचलास की फोन कर" म्हटलं की माझं उत्तर एकच, "हं."

काल निघताना म्हटलं, "पोचलो की फोन करतो." आई दारातच थांबून बघत राहिली.

असो. पोचल्यावर फोन केला.