हिणकस

आईची अंगठी बोटातून निघाली ती तिच्या अखेरच्या दिवशी, साबणाच्या पाण्याने. तोवर तिची आतली बाजू आम्हा भावंडांपैकी कुणी पाहिली नव्हती. मला ती सैल होते, म्हणून पुढे पेढीवर नेली. सोनाराने भिंगातून पाहून ती माझ्यापुढे धरली. आत झिजून पुसट झालेला आकडा होता : १४.

आजच्या अंगठीच्या पोटात बरेच काही लिहिलेले असते. भारतीय मानक ब्यूरोचा त्रिकोण, ‘२२के९१६’ म्हणजे हजारांत ९१६ भाग सोने, आणि त्या एकाच दागिन्याची सहा अक्षर-अंकांची खूण. आईच्या अंगठीत केवळ ठोकून उमटवलेला हा आकडा. चोविसांतले चौदा भाग सोने, म्हणजे हजारांत ५८३, बाकी हीण.

तिची तांबूस झाक आजोळी सर्वांच्या डोळ्यांत खुपे. “व्याह्यांनी पोरीच्या बोटात तांबं घातलं,” असे आईची मावशी येता-जाता म्हणे. आजोबा शाळामास्तर, काटकसरी. त्यामुळे ते सर्वांना पटलेही. आईने कधी उत्तर दिले नाही आणि अंगठीही उतरवली नाही. मीदेखील लहानपणी आजोबांकडे त्याच नजरेने पाहत असे.

आईचे लग्न १९६४ मधले. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटांहून अधिक कसाचा नवा दागिना घडवण्यास बंदी झाली. बावनकशीचा अभिमान बाळगणाऱ्या किती सोनारांच्या शेगड्या तेव्हा थंडावल्या! ती अट १९६६ मध्ये उठली. नियंत्रणाचा कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला. हे मी पुस्तकात वाचले होते. घरच्या अंगठीशी ते कधी जोडून पाहिले नव्हते, इतकेच.

“पण चोरून बावीसचे दागिने तेव्हाही घडत होते,” सोनार म्हणाला. “आमचे वडीलच घडवत.”

म्हणजे आजोबांनी कायदा पाळला, की कायद्याच्या आडोशाने चार पैसे वाचवले? कोऱ्या अंगठीतला तो ठसठशीत आकडा आईने पाहिला असणारच. मावशीला तो दाखवणे काही अवघड नव्हते.

अंगठी लहान करायची तर कापायची कुठे, असे सोनाराने विचारले. मी आकड्याच्या बरोबर विरुद्ध बाजूवर बोट ठेवले.