उभ्या गाडीचे टायर

अब्बांची प्रीमियर पद्मिनी आमच्या अंगणातल्या शेडमध्ये उभी असते. 1996 चे मॉडेल, रंग पांढरा. वर्षातून तीन-चार वेळा ती बाहेर निघते. दोन्ही ईदला, घरातल्या एखाद्या लग्नाला आणि कधी बॅटरी मरू नये म्हणून नाक्यापर्यंत. अब्बा 2019 मध्ये गेले, तेव्हापासून तिची देखभाल आमच्याकडे आली आणि ती आम्ही मनापासून करतो अशी आमची समजूत होती. ऑइल वेळेवर, बॉडीला पॉलिश, सीटकव्हर अम्मीच्या पसंतीचे. टायरविषयी कोणी विचारलेच तर आम्ही ऐटीत सांगायचो, “नवेच आहेत. नक्षी बघा, जराही झिजलेली नाही.”

नक्षी बघण्याची शिकवण अब्बांचीच. त्यांनी उमेदीची वर्षे मुंबईत टॅक्सी चालवली, तीही पद्मिनीच. टॅक्सी रात्रंदिवस पळते. तिच्या टायरला म्हातारे होण्याइतकी सवड मिळत नाही, त्याआधीच तो गुळगुळीत होतो. तिथे नक्षी बघणे हाच खरा हिशेब. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. अब्बांचा हिशेब मात्र आम्ही उभ्या गाडीला लावत राहिलो.

2025 च्या रमजान ईदला अम्मीला आणि मुलांना घेऊन खेडला आपाकडे जायचे ठरले. चिपळूणहून खेड म्हणजे परशुराम घाट आलाच. आदल्या दिवशी हवा भरायला गेलो, तर टायरवाल्याने पाइप लावण्याआधी टायरच्या बाजूवर अंगठा दाबला. वैशाखात खाचराला पडतात तशा बारीक भेगा उघडल्या.

“सर, हा टायर झिजला नाय, सुकलाय. घाटात नका नेऊ.”

आम्ही वाद घातला. त्याने फडक्याने रबर पुसले आणि आकडे दाखवले : 2608. आम्ही बी.एड., गणित-विज्ञानाचे शिक्षक, ऐटीत म्हणालो, “26 ऑगस्ट.” तो हसला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2008 मधला 26 वा आठवडा, म्हणजे टायर सतरा वर्षांचा होत आला होता. स्टेपनी तर गाडीबरोबरच आलेली, तिच्यावर तीनच आकडे : 276. सन 2000 च्या आधी वर्षाला एकच आकडा असे. 6 म्हणजे 1986 की 1996, हे टायर सांगत नाही, गाडीवरून ओळखायचे.

घरी येऊन वाचत बसलो. जे कळले ते आम्ही आठवीला शिकवू शकलो असतो, एवढे साधे होते. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला हळूहळू कडक करतात. ऊन आणि उष्णता त्यांना मदत करतात. त्यावर उपाय म्हणून कारखान्यात रबरातच मेण आणि संरक्षक रसायने मिसळतात. टायर फिरताना दबतो, वळतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरला हे वंगण नीट मिळत नाही. शिवाय गाडीचे वजन महिनोन् महिने एकाच जागी पडून टायर तिथे चपटा होतो. मागच्या ईदला पहिले काही मैल स्टीअरिंग थरथरत होते. आम्ही ते गाडीच्या वयावर ढकलले होते. आणि भेगा दिसल्या नाहीत म्हणून टायर शाबूत, असेही नाही. आतल्या धाग्यांवरची रबराची पकड सुटत असते, आणि वेग व उष्णता वाढली की थर उकलतो. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. टायरवाले पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहाच्या पुढे नक्षी कितीही असली तरी वापरू नका, असे सांगतात. आपल्या नियमातला 1.6 मिलिमीटर हा आकडा नक्षीच्या खोलीचा. वय त्यात मोजलेच जात नाही.

2012 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये एका संगीत महोत्सवाहून लिव्हरपूलला परतणारी बस पुढचा टायर फुटून झाडावर आदळली. तिघे गेले. टायर साडेएकोणीस वर्षांचा होता, मरणाऱ्यांतला एक मुलगा अठरा वर्षांचा. त्याच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा फेब्रुवारी 2021 पासून तिथे बस-ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर लावायला बंदी आली. चाळीस वर्षांवरच्या हौशी गाड्यांना मात्र त्यातून सूट आहे.

ईदला आम्ही एसटीने गेलो. अम्मी खिडकीशी गप्प बसून होती. घाट उतरल्यावर एवढेच म्हणाली, “ते टायर त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतले होते.” हे आम्हांलाही आठवत होते. खरे सांगायचे तर टायरवाल्याशी वाद घातला तोही त्यासाठीच.

नवे टायर मिळवणे सोपे गेले नाही. 5.20-14 हे माप आता कोण ठेवतो? एका दुकानदाराने “अगदी कोरे” म्हणून चार काढून दाखवले. आम्ही आधी आकडे बघितले : 3114. कोरे होते, आणि अकरा वर्षांचेही. शेवटी मुंबईहून मागवले, ट्यूबसकट. जुन्यांपैकी एक अम्मीने भंगारात जाऊ दिला नाही. त्यात तिने अळू लावले आहे.

सहावीच्या वर्गात आम्ही फळ्यावर 2608 लिहून मुलांना वय काढायला लावले, आणि घरच्या गाड्यांचे आकडे उतरवून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी एकाने वही पुढे केली. आजोबांची जीप, लग्नसराईपुरतीच बाहेर निघणारी. वहीत लिहिले होते 1109.

“सर, हा माझ्यापेक्षा मोठा आहे का?”

पुढच्याच रविवारी त्यांच्या घरचे लग्न होते. शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्याबरोबरच त्याच्या घरी गेलो.