कागदाखालचे चित्र

आपल्या विद्यालयाच्या ग्रंथालयात अकरावीच्या राज्यशास्त्राचे एक जुने केंद्रीय पाठ्यपुस्तक आहे. त्यातील एका चित्रावर २०१२ साली आम्ही स्वतः पांढरा कागद डकवला होता. व्यंगचित्रकार शंकर यांचे ते १९४९ सालचे चित्र. ‘संविधान’ नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत, मागे पंडित नेहरू चाबूक उगारून उभे आहेत आणि भोवतीची गर्दी गंमत पाहत आहे. त्या वर्षी मे महिन्यात या चित्रावरून संसदेत गदारोळ झाला. ते वगळण्याचे शासनाने जाहीर केले. पुण्यात पुस्तकाच्या एका सल्लागारांच्या कार्यालयाची मोडतोडही झाली. ती मोडतोड आम्हांस मान्य नव्हती. संताप मात्र आमचाही होता.

पुढे वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, या कागदाखाली काय आहे?” आम्ही निरुत्तर झालो. पुरावा झाकणारा इतिहासशिक्षक मुलांना काय शिकवणार? आम्ही कागद सोडवला आणि पुस्तक वर्गात नेले.

चित्रात जे दिसते तेवढेच प्रथम सांगा, असे आम्ही म्हटले. तेव्हा मुलांच्या ध्यानी आले की बाबासाहेबांच्या हातीही चाबूक आहे. घाई दोघांनाही आहे. उपहास घटनानिर्मितीच्या संथ गतीचा आहे. मग तीच मुलगी म्हणाली, “पण सर, लोक कोणाला हसताहेत? गोगलगायीला की बाबासाहेबांना?” वर्ग शांत झाला. चित्रकाराचा रोख गतीवर असेल. परंतु ज्यांच्या आज्यापणज्यांनी चाबकाचे भय सोसले, त्यांना पाठीमागे उगारलेला चाबूक निराळाच दिसतो. ही दोन्ही वाचने आम्ही वहीत लिहून घ्यावयास सांगितली.

त्यानंतर बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतील भाषण काढले. दिरंगाईच्या आरोपाला त्यांनी तेथे हिशेबाने उत्तर दिले आहे. मसुदा समितीचे काम १४१ दिवस चालले. ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या, त्यांपैकी २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. ऑस्ट्रेलियाला तर घटनेसाठी नऊ वर्षे लागली होती. हे आकडे मुलांनी फळ्यावर लिहिले.

मुलांना अपमानापासून वाचवीत आहोत, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात त्या कागदाखाली बाबासाहेबांचे उत्तरही झाकले गेले होते. त्या पानावर डिंकाचा डाग अजून आहे. दरवर्षी नवा वर्ग त्याविषयी विचारतो आणि आम्ही आमची चूक सांगूनच धडा सुरू करतो.