भरतपुरातलं धान्य

शाळेच्या पुस्तकात पानिपतच्या पराभवाची कारणं आकडे घालून दिलेली असत. यात्रेकरूंचं लटांबर, सरदारांमधली भांडणं, सूरजमल जाटाचं निघून जाणं, विश्वासरावांना लागलेली गोळी. पुढे मूळ लिखाण वाचायला लागल्यावर कळलं, की इतिहासकारांनी ही कारणं अशी गुण्यागोविंदाने शेजारीशेजारी कधीच बसवली नव्हती. ज्याने त्याने आपलं कारण उचललं आणि त्यासाठी हिरिरीने भांडण मांडलं. 14 जानेवारी 1761चा तो एक दिवस, पण त्याच्यावर मराठी माणूस अजून तावातावाने बोलतो, जणू निकाल अजून फिरवता येईल.

1898 साली वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. आत पानिपतच्या सुमाराची पत्रं आणि त्यांना जोडलेली लांबलचक प्रस्तावना. त्या प्रस्तावनेत दोन माणसं आरोपीसारखी उभी केली आहेत: मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले. होळकरांनी रोहिला सरदार नजीबखानाला पाठीशी घातलं आणि ऐन लढाईतून काढता पाय घेतला. गोविंदपंतांनी पैसा आणि रसद पोचवली नाही. राजवाड्यांची भाषा अशी धारदार, की वाचताना आपणही नकळत मान डोलावतो.

पण प्रस्तावना बाजूला ठेवून पत्रंच वाचावीत. मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब गोविंदपंतांना पुन्हा पुन्हा लिहितात: पैसा पाठवा, अंतर्वेदीत शत्रूच्या मुलखात धामधूम करा, त्याच्याकडे जाणारं धान्य तोडा. सुरुवातीला हुकूम, मग तगादा, मग सरळ कानउघाडणी. ज्याला हे लिहिलं जात होतं तो मुळात मामलेदार. महसूल गोळा करणं हे त्याचं आयुष्यभराचं काम, आणि आता उतारवयात त्याने घोड्यावर बसून अफगाणांची रसद मारायची होती. तरी तो गेला. काही काळ अफगाण बादशहा अब्दालीच्या छावणीत महागाई झाली ती त्याच्यामुळेच. डिसेंबर 1760मध्ये अताईखानाने त्याच्यावर अचानक छापा घातला, त्यात तो मारला गेला आणि त्याचं शीर मराठ्यांच्या छावणीत धाडण्यात आलं. इतकं झाल्यावरही कामचुकारपणाचा शिक्का त्याच्याच माथी बसला. मला हा अन्याय वाटतो, आणि राजवाड्यांविषयी असलेल्या सगळ्या आदरासकट वाटतो.

होळकरांचं प्रकरण त्याहून अवघड. ते पळाले, असं एक पक्ष म्हणतो. बायकामाणसांना सुखरूप बाहेर काढायचं आधीच ठरलं होतं, असं दुसरा. विसाव्या शतकात या वादाला जातीचे काटे फुटले. भाऊंचा कैवार घेणारा ब्राह्मण पक्षाचा, होळकरांचा कैवार घेणारा त्याच्याविरुद्धचा, अशी वाटणी झाली आणि कागद काय सांगतात हे ऐकायला कोणी उरलं नाही. हे फार वाईट झालं.

जदुनाथ सरकारांनी माणसांवरून नजर काढून फौजेकडे वळवली. अफगाणांची शिस्त, त्यांचे दणकट घोडे, उंटांच्या पाठीवरून डागायचे जंबुरे, आणि त्यांच्यासमोर इब्राहिमखान गारद्याच्या जागच्या जागी रुतून बसणाऱ्या अवजड तोफा. शेजवलकरांनी 1946 साली इंग्रजीत आणि पुढे 1961 साली मराठीत भाऊसाहेबांची बाजू लावून धरली. भाऊंची गोलाची लढाई, म्हणजे फौजेने गोल बांधून पुढे सरकायची योजना, नीट आखलेली होती, विंचुरकर आणि गायकवाड गारद्यांच्या तोफांपुढे धावून गेले म्हणून गोल फुटला, असं त्यांचं म्हणणं. सरदेसाईंना तर हा पराभव सत्तेचा शेवट वाटतच नाही. 1771मध्ये महादजी शिंदे पुन्हा दिल्लीत होते, हे ते विसरू देत नाहीत.

सगळं वाचून माझं मन येऊन थांबतं ते भाकरीपाशी. ऑक्टोबर 1760मध्ये भाऊ दिल्लीहून उत्तरेला कुंजपुऱ्याकडे वळले, आणि तिथे दत्ताजी शिंद्यांच्या मृत्यूचा सूड होता तसे धान्याचे साठेही होते. कुंजपुरा पडला, धान्य हाती आलं. पण तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि दिल्लीची वाट बंद झाली. पुढचे अडीच महिने पानिपतला खंदकाआड बसून ती लाखाच्या घरातली वस्ती हळूहळू उपाशी होत गेली. शेवटी सरदारांनीच भाऊंना सांगितलं, की असं मरण्यापेक्षा लढून मरू. विश्वासरावांना गोळी लागली ती दुपारी, पण ती फौज सकाळी मैदानात उतरली तेव्हाच उपाशी होती.

मग प्रश्न असा, की एवढ्या मोठ्या मुलखात मराठ्यांना धान्य देणारं कोणी का उरलं नाही? नजीबखानाने अवधच्या शुजाउद्दौल्याकडे स्वतः जाऊन त्याला अब्दालीच्या बाजूला वळवलं. आपण मात्र राजपुतांकडून वर्षानुवर्षं चौथाई वसूल केली, त्यांच्या वारसाच्या भांडणांत पैसे घेऊन बाजू घेतल्या, आणि गरज पडली तेव्हा ते तटस्थ बसले. एकटा सूरजमल सोबत आला होता. बायका आणि जड सामान मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा, असं त्याने सांगून पाहिलं. दिल्लीच्या वजिरीवरून बिनसलं, दिवाण-इ-खासच्या छताची चांदी भाऊंनी वितळवली तीही त्याला रुचली नाही, आणि तो परतला. तो स्वार्थी होता की अपमानित, यावरही दोन मतं आहेत.

पण पुढे काय झालं याबद्दल कोणाचं दुमत नाही. रणातून वाचलेले, कडाक्याच्या थंडीत अंगावर धड वस्त्र नसलेले मराठे त्याच्या भरतपूरच्या मुलखात शिरले, तेव्हा त्याच सूरजमलने त्यांना जेवू घातलं, कपडे दिले, जखमींची शुश्रूषा केली, वाटखर्ची देऊन दक्षिणेच्या वाटेला लावलं. म्हणजे धान्य होतं, आणि द्यायची दानतही होती. ते जानेवारीच्या अखेरीस पराभूतांना मिळालं. नोव्हेंबरात ते पानिपतकडे निघावं, यासाठी दिल्लीत त्याच्याशी काय बोलायला हवं होतं, हे मला सगळ्या इतिहासकारांना विचारावंसं वाटतं.