बॉलवाचून धावणं

नऊ-दहा वर्षांच्या पोरांत एक बॉल सोडून बघा. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी अख्खी टीम त्याला लगडते. कोल्हापुरात ही ओढ पेठेतूनच येते. तालमीची फुटबॉल टीम, शाहू स्टेडियमची भरलेली गॅलरी, दोघांना चकवून आत घुसणाऱ्यासाठी वाजणाऱ्या शिट्ट्या. हे बघत वाढलेल्या पोराला बॉल पायात नसताना आपण खेळतच नाही असं वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं?

मोठं मैदान १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद. बावीस जणांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला जवळजवळ सव्वातीनशे चौरस मीटर येतं, आणि आमची पोरं दोन सतरंज्यांच्या जागेत एकमेकांच्या नडग्या फोडतात. डच फुटबॉलपटू योहान क्रायफ सांगायचा, की नव्वद मिनिटांत एका खेळाडूकडे बॉल सरासरी तीनच मिनिटं असतो. खरा खेळ उरलेल्या सत्त्याऐंशीत. पोरांना हे सांगून काही होत नाही. माना डोलावतात आणि परत बॉलमागं पळतात.

म्हणून मी कधीकधी बॉल त्यांच्या हातातच देतो. नियम एकच: बॉल धरलेल्यानं पाऊल हलवायचं नाही, फक्त फेकायचा. आधी नुसता गलका. ‘हिकडं दे की लेका!’ ओरडणारा मात्र समोरच्या गड्याच्या आड दडलेला. मग कुणाला तरी उमगतं, की दोन पावलं बाजूला सरकलं तर फेकणाऱ्याला आपण दिसतो. तो क्षण मला गोलापेक्षा आवडतो. पुढचं हळूहळू त्यातूनच उलगडतं. पुढं सुटायचं तर आधी जरा मागं यायचं, म्हणजे आपल्याला धरणारा समोरचा गडी सोबत ओढला जातो. बॉल यायच्या आत खांद्यावरून मागं बघून घ्यायचं. पास दिला की लगेच हलायचं. पण फार लवकरही सुटायचं नाही. लवकर पोचलेला तिथं थांबून राहतो, आणि थांबलेल्याला धरणं सोपं. ही वेळ साधणं शिकवता येतं का, याबद्दल मला अजून शंका आहे.

सगळ्यात अवघड धाव म्हणजे दुसऱ्यासाठी जागा रिकामी करणारी. १९७० च्या वर्ल्ड कप फायनलमधला ब्राझीलचा चौथा गोल मी पोरांना दाखवतो. पेलेनं अलगद उजवीकडं सरकवलेला बॉल, मागून धावत आलेल्या कार्लोस अल्बेर्तोचा फटका, पोरं नाचतात. मग मी विचारतो, उजवी बाजू ओस कशी पडली? तिथला जाइर्झिन्यो केव्हाच डावीकडं निघून गेला होता, आणि इटलीचा फाकेत्ती त्याच्या मागोमाग. त्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यात गोल मारलेला हा गडी. आपली हक्काची बाजू दुसऱ्यासाठी मोकळी सोडून गेला.

आमच्याकडं अशी धाव घेणाऱ्या पोराला कुणी मिठी मारत नाही. सगळे गोल मारणाऱ्याच्या अंगावर. म्हणून मी आधी जागा करून देणाऱ्याचं नाव घेऊन ओरडतो. पण फाटकाशी उभ्या घरच्यांचा प्रश्न ठरलेला: ‘आज गोल मारलास का?’

त्यांना एकच विनंती आहे. पुढच्या मॅचला बॉल पलीकडच्या टोकाला असेल तेव्हा आपलं पोरगं काय करतंय ते बघा, आणि घरी जाताना त्याला तेवढंच विचारा.