यझ्दसाठी बॅग भरताना

इराणला जायचं ठरलं, तेव्हा ‘काय बघणार?’ असं फारसं कुणी विचारलं नाही. बहुतेक मैत्रिणींनी विचारलं, ‘काय घालणार?’

प्रश्न रास्त होता. १९८३पासून तिथे बाईने डोकं न झाकणं हा गुन्हा आहे आणि परदेशी पाहुणीही त्यातून सुटत नाही. विमानातून उतरण्याआधी ओढणी डोक्यावर हवी. वरचा कपडा ढगळ, कमरेच्या बराच खाली येणारा. पाय घोट्यापर्यंत झाकलेले. पुरुषांनाही हाफ पँट चालत नाही, पण त्यांची यादी जवळपास तिथेच संपते. आणि मी निघाले होते जूनमध्ये, दोन वाळवंटांच्या मधे वसलेल्या यझ्दला. मुंबई-पुण्यातल्या इराणी हॉटेलांचे कितीतरी मालक मूळचे याच भागातले, म्हणून ते शहर बघायचं होतं. उन्हाळ्यात तिथे पारा सहज चाळिशी ओलांडतो.

कपाट उघडलं तर सगळं घरातच होतं. गुडघ्यापर्यंतचे तीन सुती कुर्ते, दोन सैल सलवारी, मलमलच्या ओढण्या. जॉर्जेटची ओढणी डोक्यावरून सारखी घसरते, सुती टिकते. मजा म्हणजे पायजमा, शाल, रुमाल, चादर हे आपले शब्दही मूळ फारसीच. फक्त आपण जी पलंगावर अंथरतो, ती ‘चादोर’ तिथल्या बायका डोक्यावरून पायापर्यंत घेतात.

अंगभर कपड्यांची मला भीती नव्हती. मे महिन्यात पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलला उभं राहून बघा: सनकोट, हातमोजे, तोंडाला स्कार्फ, मुलींचे फक्त डोळे दिसतात. कोरड्या उन्हात हे शहाणपणाचंच आहे. उघड्या कातडीपेक्षा सैल कापडाची सावली बरी. वाळवंटातले बेदुईन काळे झगे का घालतात, यावर १९८०मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास छापून आला होता. काळा झगा जास्त तापतो, पण तो सैल असल्यामुळे ती जादाची उष्णता आतल्या खेळत्या हवेबरोबर निघून जाते. कातडीपर्यंत पोचणारी उष्णता काळ्या आणि पांढऱ्या झग्यात सारखीच भरली.

यझ्दच्या मातीच्या गल्ल्यांतून, वारा खाली ओढणाऱ्या बादगीरांच्या सावलीतून फिरताना माझे कुर्ते उत्तम चालले. अडचण आली शिराझला. शाहचेराग दर्ग्यात जाण्यासाठी दारातच फुलाफुलांची चादोर देतात. तिला बाह्या नाहीत, बटणं नाहीत. ती हनुवटीखाली हाताने धरायची. म्हणजे एक हात गेलाच. पाण्याची बाटली उघडायची तर चादोर सुटते, चादोर सावरायची तर बाटली. अर्ध्या तासात मी कंटाळले. उकाड्याने नाही, हाताने.

या कापडावर सरकारचा हात नेहमीच राहिलाय. १९३६मध्ये रेझा शाहने बुरख्यावर बंदी घातली. तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरचं कापड ओढून काढत, आणि कित्येकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९मध्ये उलट वारं सुटलं, तेव्हा ८ मार्चला तेहरानमध्ये हजारो बायका सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. २०२२मध्ये बावीस वर्षांच्या महसा अमिनीला ‘नीट झाकलं नाही’ म्हणून धरलं आणि कोठडीत असतानाच ती बेशुद्ध पडून दगावली. त्यानंतर कितीतरी जणींनी डोक्यावरचं कापड उतरवलं ते उतरवलंच.

तेहरानच्या एका कॅफेत शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं डोकं असंच उघडं होतं. माझी पिना लावलेली ओढणी बघून तिने इंग्रजीत विचारलं, “उकडत नाही?” मी मोबाइलवर माझा स्कूटरवरचा फोटो दाखवला. सनकोट, स्कार्फ, गॉगल. ती खो खो हसली.

“यापेक्षा जास्त झाकलंय की तू! आणि काढावंसं वाटलं तर?”

“काढते.”

ती हसायची थांबली. मग तिने आपली पर्स उघडून दाखवली. चार्जर, लिपस्टिक आणि तळाशी घडी घातलेली काळी ओढणी. बँकेत किंवा सरकारी ऑफिसात जायचं असलं की लागते, म्हणाली.

माझी बॅग दोन आठवड्यांसाठी भरलेली होती. तिला तिची रोज भरावी लागत होती.